डेव्हिड ट्यूडर

डेव्हिड यूजीन ट्यूडर (जन्म : २० जानेवारी १९२६, फिलाडेल्फिया, मृत्यू : १३ ऑगस्ट १९९६, टॉमकिन्स कोव्ह, न्यू यॉर्क राज्य) हे अमेरिकन पियानोवादक, इलेक्ट्रॉनिक संगीताचे रचनाकार आणि ध्वनिकलाकार होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाश्चात्त्य प्रायोगिक संगीतातील अत्यंत अवघड पियानोरचना प्रथम वाजवून दाखवणारा वादक म्हणून त्यांची ख्याती झाली. जॉन केज यांची ४′३३″ ही एकही सूर न वाजवण्याची रचना लोकांसमोर प्रथम सादर करणारे कलावंतही तेच. कीर्ती ऐन भरात असताना त्यांनी पियानो हळूहळू बाजूला ठेवला आणि पुढील सुमारे तीस वर्षे स्वतः जुळवलेल्या विद्युत परिपथांतून ध्वनी निर्माण करण्यात व्यतीत केली. ‘रेनफॉरेस्ट’ ही त्यांची सर्वांत परिचित कृती होय. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन (एनआयडी) या संस्थेत १९६९ मध्ये सुरू झालेला, भारतातील पहिला मानला जाणारा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ त्यांनीच उभारून दिला.

केज यांचे पियानोवादक, अशी ट्यूडर यांची ओळख दीर्घकाळ करून दिली गेली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

पूर्वायुष्य

ट्यूडर यांचा संगीतातील प्रवेश पियानोवरून नव्हे, तर चर्चमधील पाइप ऑर्गनवरून झाला. फिलाडेल्फियात एच. विल्यम हॉक यांच्याकडे त्यांनी ऑर्गनवादन आणि संगीतशास्त्र यांचे शिक्षण घेतले. किशोरवयातच ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले आणि पुढे काही वर्षे स्वार्थमोर येथे ऑर्गनवादक म्हणून काम करत होते. ऑर्गनमध्ये एकच पट्टी दाबली असता कोणता नाद उमटेल, हे आजूबाजूच्या खुंट्या ओढून ठरवावे लागते. वादक बोटांनी सूर धरतो आणि त्याच वेळी वाद्याची अंतर्गत जोडणीही बदलत असतो. ट्यूडर यांच्या उत्तरायुष्यातील तारा, बटणे आणि पेट्या यांच्या जंजाळाचे मूळ अभ्यासक या ऑर्गनमध्ये शोधतात. ते पटण्याजोगे आहे.

इर्मा वोल्पे यांच्याकडे त्यांनी पियानोचे आणि त्यांचे पती, जर्मनीतून परागंदा झालेले रचनाकार स्टेफान वोल्पे यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. न्यू यॉर्कमध्ये नृत्यांगना जीन अर्डमन यांच्या साथीला ते पियानो वाजवत असत. वोल्पे यांचेच दुसरे शिष्य मॉर्टन फेल्डमन आणि अर्डमन यांच्या वर्तुळातील जॉन केज यांच्याशी त्यांचा परिचय याच सुमारास झाला. केज त्यांच्यापेक्षा वयाने सुमारे तेरा वर्षांनी मोठे होते.

पियानोवादक

१७ डिसेंबर १९५० रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये ट्यूडर यांनी फ्रेंच रचनाकार पिएर बुलेझ यांची दुसरी पियानो सोनाटा अमेरिकेत प्रथमच वाजवली. ही रचना वाजवण्यास दुष्प्राप्य समजली जात होती. तिच्यात एक सूत्र धरून पुढे जावे, अशी सोय नाही. सूर सर्व दिशांनी एकाच वेळी येऊन आदळतात. ट्यूडर यांनी बोटांचा सराव केलाच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बुलेझ ज्या फ्रेंच लेखकांना मानत होते, त्यांचे ग्रंथ वाचता यावेत म्हणून ते फ्रेंच शिकले. त्यांतील आंतोनँ आर्तो यांच्या नाट्यविषयक लेखनातून त्यांना या रचनेची किल्ली सापडली. प्रत्येक क्षण मागच्या क्षणाची आठवण पुसून टाकत वाजवायचा, ही ती किल्ली. त्या संध्याकाळी केज त्यांच्या शेजारी बसून पाने उलटत होते.

केज यांनी १९५१ मध्ये लिहिलेली ‘म्यूझिक ऑफ चेंजेस’ ही प्रदीर्घ पियानोरचना ट्यूडर यांच्या क्षमतेच्या भरवशावरच आकाराला आली. कोणता सूर कधी यावा, हे केज यांनी ‘इ चिंग’ या चिनी ग्रंथाच्या आधारे नाणी उडवून ठरवले होते. रचनेचा वेग सतत बदलत राहतो. तो मनाने सांभाळणे अशक्य असल्याचे दिसताच ट्यूडर यांनी गणित करून प्रत्येक वळणाची सेकंदे काढली आणि स्टॉपवॉच पुढे ठेवून वाजवण्याची रीत रूढ केली. केज एकेक भाग पुरा करत आणि ट्यूडर तो बसवत, अशा क्रमाने काम चालले. १ जानेवारी १९५२ रोजी चेरी लेन थिएटरमध्ये संपूर्ण रचनेचा प्रयोग झाला.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला न्यू यॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक कॉन्सर्ट हॉलमध्ये ट्यूडर यांनी ४′३३″ सादर केली. हे सभागृह लाकडी असून त्याची मागील बाजू रानाकडे उघडी आहे. ट्यूडर पियानोपुढे बसले, पट्ट्यांवरचे झाकण बंद केले, घड्याळ चालू केले आणि पुढ्यातील कागदांवर नजर ठेवून वेळेनुसार पाने उलटत राहिले. रचनेचे तीन भाग आहेत. प्रत्येक भाग संपताच ते झाकण उघडत आणि पुढचा सुरू होताना पुन्हा बंद करत. वारा, पावसाचे थेंब आणि शेवटी श्रोत्यांची कुजबुज व नाराजी, एवढेच त्या वेळात ऐकू आल्याचे केज पुढे सांगत असत. कार्यक्रमानंतर बरीच खळबळ झाली.

या प्रसंगाची कथा नेहमी केज यांच्या बाजूने सांगितली जाते. परंतु बुलेझ यांच्या सोनाटाला बसणारा वादकच जर पियानोपुढे निश्चल बसला नसता, तर तो प्रकार थट्टेवारी नेला गेला असता. वाजवू शकणाऱ्याचे न वाजवणे आणि वाजवता न येणाऱ्याचे न वाजवणे यांत फरक आहे. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात ट्यूडर यांनी फेल्डमन, ख्रिश्चन वुल्फ, अर्ल ब्राउन, बुलेझ आणि हेन्री काउएल यांच्याही रचना वाजवल्या होत्या, हे सहसा नमूद होत नाही.

यानंतरच्या दशकात ट्यूडर यांचे नाव युरोपातही झाले. १९५४ मध्ये त्यांनी केज यांच्यासह युरोपचा दौरा केला आणि १९५६ पासून जर्मनीतील डार्मश्टाट येथे भरणाऱ्या नवसंगीताच्या उन्हाळी वर्गांत ते शिकवू लागले. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी आपल्या पियानोरचनांपैकी पाचवी ते आठवी अशा चार रचना त्यांना अर्पण केल्या. अकरावी रचना ट्यूडर यांनीच १९५७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये प्रथम वाजवली. इटलीचे सिल्व्हानो बुसोट्टी यांनी १९५९ मध्ये ‘डेव्हिड ट्यूडरसाठी पाच पियानोरचना’ अशा अर्थाच्या शीर्षकाची कृती लिहिली आणि शीर्षकातील नाव ही अर्पणपत्रिका नसून वाद्याचा निर्देश आहे, असे सुचवले. व्हायोलिनसाठी किंवा बासरीसाठी लिहावे, तसे ट्यूडरसाठी. पुढे मिनिमलिस्ट संगीताचे एक प्रवर्तक ठरलेले ला माँट यंग यांनी १९६० मध्ये त्यांच्यासाठी लिहिलेल्या एका कृतीत वादकाने पियानोपुढे गवताची पेंढी आणि पाण्याची बादली ठेवावी, पियानोला खाऊ-पिऊ घालावे किंवा त्याला आपले आपण खाऊ द्यावे, अशी सूचना आहे. गमतीचा भाग सोडला, तरी तिच्यातून एक गोष्ट कळते. नव्या रचनाकारांना ट्यूडर यांच्यापुढे टाकण्यासाठी आता केवळ अवघड सूर पुरेसे वाटत नव्हते.

लिहिलेले आणि वाजवलेले

१९५०च्या दशकाच्या अखेरीस केज यांचे स्वरलेखन अधिकाधिक मोकळे होत गेले. ‘कॉन्सर्ट फॉर पियानो अँड ऑर्केस्ट्रा’ (१९५८) या कृतीतील पियानोच्या भागाची ६३ पाने आहेत आणि त्यांत ८४ प्रकारच्या लेखनपद्धती योजल्या आहेत. काही ठिकाणी तर केवळ रेषा, वर्तुळे आणि आकृत्या दिसतात. कोणती पाने घ्यावीत, कोणत्या क्रमाने वाजवावीत, हे वादकावर सोपवले आहे. अशा रचना मिळाल्यावर अनेक वादक उत्स्फूर्तपणे काहीतरी वाजवून वेळ मारून नेत. ट्यूडर यांनी तसे कधी केले नाही. ते पट्टी घेऊन आकृतीतील अंतरे मोजत, कोष्टके तयार करत, त्यांवरून नेहमीच्या स्वरलिपीत स्वतःची स्वतंत्र प्रत लिहून काढत आणि मगच वाजवत. या प्रती आज उपलब्ध आहेत. त्या पाहिल्या की मूळ लेखनातून इतके ठाम आणि तपशीलवार संगीत कसे निघाले, याचे आश्चर्य वाटते.

इथे कर्ता कोण, हा प्रश्न उभा राहतो. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. चार ओळींची बंदिश तासभर फुलवणाऱ्या गायकाला आपण केवळ दुसऱ्याची चीज म्हणणारा समजत नाही. पाश्चात्त्य परंपरेत मात्र कागदावर लिहिणारा तो कर्ता आणि वाजवणारा त्याचा सेवक, ही विभागणी पक्की होती. त्यामुळे ट्यूडर यांच्या अनेक निर्मिती केज यांच्या नावावर राहिल्या. ‘व्हेरिएशन्स टू’ या कृतीचे उदाहरण यासंदर्भात नेहमी दिले जाते. मूळ लेखन म्हणजे पारदर्शक कागदांवरच्या काही रेषा आणि ठिपके. त्यातून ट्यूडर यांनी १९६१ मध्ये जे सिद्ध केले, ते पियानोच्या तारांना व लाकडाला कंपने टिपणारे मायक्रोफोन लावून निर्माण केलेले, घासणाऱ्या, फुत्कारणाऱ्या आवाजांचे एक पूर्णतः निराळे वाद्य होते. पियानो अजून समोर होता, पण तो पियानो उरला नव्हता. ट्यूडर यांनी स्वतः याबद्दल कधी हक्क सांगितल्याचे दिसत नाही. ते अत्यंत अबोल होते, सैद्धांतिक लेखन त्यांनी जवळजवळ केले नाही आणि मुलाखतीही मोजक्याच दिल्या.

पियानोपासून इलेक्ट्रॉनिक्सकडे

१९५३ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात मर्स कनिंगहॅम यांची नृत्यसंस्था स्थापन झाली, तेव्हापासून ट्यूडर तिचे वादक होते. १९५४ मध्ये ते न्यू यॉर्कच्या उत्तरेस स्टोनी पॉइंट येथील कलावंतांच्या सहकारी वसाहतीत राहायला गेले. कवयित्री आणि कुंभारकाम करणाऱ्या एम. सी. रिचर्ड्स, केज आणि इतर काही मंडळी तिथे होती. या काळात ते रुडॉल्फ श्टायनर यांच्या अध्यात्मविचाराकडे ओढले गेले आणि ती निष्ठा त्यांनी आयुष्यभर जपली. स्वयंपाकाची त्यांना विलक्षण हौस होती. भारतीय मसाले जमवणे आणि भारतीय पदार्थ रांधणे याबद्दल ते मित्रपरिवारात प्रसिद्ध होते.

१९६४ हे वर्ष त्यांच्या वाटचालीत वळणाचे ठरले. त्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या सन्मानार्थ कार्यक्रमांची मालिका झाली. तीत पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी अकॉर्डियन आणि ट्यूडर यांनी बँडोनियन हे त्याच जातीचे वाद्य एका सी-सॉवर बसून वाजवले. साथीला पिंजऱ्यातली मैना होती. तिला वाटले तर ती बोलणार, नाही तर गप्प राहणार, असेच रचनेत म्हटले होते. सप्टेंबरमध्ये स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या एका प्रयोगासाठी ट्यूडर यांनी ‘फ्लुओरेसंट साउंड’ सादर केली. संग्रहालयातील ट्यूबलाइट चालू-बंद करताना होणारे आवाज, एवढेच तिचे साहित्य होते. स्वतःच्या नावाने त्यांनी केलेली ही पहिली कृती समजली जाते. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या एका प्रचंड लष्करी कवायतगृहात कलावंत आणि अभियंते यांनी मिळून ‘नाइन इव्हनिंग्ज’ हा महोत्सव भरवला. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील अभियंते बिली क्लुव्हर हे त्याचे सूत्रधार होते. ट्यूडर यांच्या ‘बँडोनियन!’ या कृतीत बँडोनियनचा आवाज यंत्रांतून फिरून लाउडस्पीकर, दिवे, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील आकृत्या आणि जमिनीवर फिरणारे गाडे या सर्वांना चालना देत होता. शीर्षकातील चिन्ह उद्गाराचे नव्हे, तर गणितातील क्रमगुणिताचे आहे. एका आवाजापासून किती शक्यता गुणाकाराने वाढतात, हे त्यातून सुचवायचे होते.

ट्यूडर यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. हौशी लोकांच्या मासिकांतील आराखडे पाहून, स्वस्त उपकरणे उघडून आणि गॉर्डन ममा, डेव्हिड बेर्मन यांसारख्या तरुण सहकाऱ्यांकडून परिपथ घेऊन ते आपले टेबल सजवत. १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांचे पियानोवादन जवळजवळ थांबले. आपल्या पिढीतला एक श्रेष्ठ पियानोवादक सोल्डरिंगची कांडी घेऊन बसला आहे, ही गोष्ट अनेक चाहत्यांना हळहळ लावणारी होती. त्यांच्यासाठी पियानोरचना लिहिणाऱ्यांचा तर आधारच गेला.

रेनफॉरेस्ट

९ मार्च १९६८ रोजी न्यू यॉर्क राज्यातील बफलो येथे कनिंगहॅम यांच्या ‘रेनफॉरेस्ट’ या नृत्याचा पहिला प्रयोग झाला. रंगमंचावर अँडी वॉरहॉल यांच्या चंदेरी, उशांसारख्या फुग्यांचे नेपथ्य तरंगत होते आणि संगीत ट्यूडर यांचे होते.

त्यामागची कल्पना शालेय प्रयोगशाळेत नादकाटा हाताळलेल्या कोणालाही समजेल. नादकाटा हवेत धरला तर त्याचा नाद क्षीण असतो. त्याचा दांडा टेबलावर टेकवला की टेबल बोलू लागते. ट्यूडर यांनी नादकाट्याच्या जागी ट्रान्सड्यूसर, म्हणजे विद्युतसंकेताचे कंपनात रूपांतर करणारे लहान उपकरण घेतले आणि ते निरनिराळ्या वस्तूंना जोडले. लाउडस्पीकरने आलेला आवाज जसाच्या तसा बाहेर द्यावा, स्वतःचे काही मिसळू नये, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ट्यूडर यांनी ती उलटी केली. प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे अनुनाद असतात. काही कंपने ती उचलून धरते, काही गिळून टाकते. म्हणून पत्रा, लाकूड आणि काच यांना एकच संकेत दिला, तरी तीन निराळे आवाज निघतात. वस्तूमधून निघालेला हा आवाज पुन्हा मायक्रोफोनने टिपून सभागृहातील लाउडस्पीकरमधून ऐकवला जाई. परिणाम खरोखरीच अरण्यासारखा होत असे. किलबिल, टकटक, करकर, पण पक्षी एकही नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथे ट्यूडर यांनी एक कार्यशाळा घेतली. तिथे या कृतीला तिचे सर्वांत विस्तृत रूप लाभले. ‘रेनफॉरेस्ट फोर’ या नावाने ते ओळखले जाते. पिंपे, चाके, पलंगाच्या स्प्रिंगा, पत्रे अशा मोठमोठ्या वस्तू छतापासून टांगल्या. कोणती वस्तू घ्यायची आणि तिला कोणता आवाज द्यायचा, हे सहभागी तरुणांनी आपापल्या बुद्धीने ठरवायचे होते. प्रेक्षकांना खुर्च्या नव्हत्या. त्यांनी वस्तूंमधून हिंडावे, कान लावावा, पिंपात डोके घालावे, कोणी तर दात टेकवून कंपने हाडांतून ऐकावीत. या कार्यशाळेतून ‘कंपोझर्स इनसाइड इलेक्ट्रॉनिक्स’ हा गट निर्माण झाला. जॉन ड्रिस्कॉल, फिल एडेलस्टाइन, राल्फ जोन्स आणि पुढे व्हिडिओ कलावंत म्हणून जगप्रसिद्ध झालेले बिल व्हायोला हे त्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोकळ्या रचनांना आकार देणाऱ्या ट्यूडर यांनी स्वतः रचनाकार झाल्यावर तेच स्वातंत्र्य इतरांच्या हाती दिले.

भारताशी संबंध

ट्यूडर यांच्या वर्तुळाचा भारताशी संबंध साराभाई कुटुंबामार्फत आला. अहमदाबादच्या या उद्योगपती घराण्यातील गीता साराभाई १९४६ मध्ये न्यू यॉर्कला गेल्या असता केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवले आणि त्यांच्याकडून भारतीय संगीताचा विचार समजून घेतला. मन शांत आणि निर्मळ करणे हे संगीताचे प्रयोजन होय, ही त्यांच्याकडून ऐकलेली धारणा केज यांनी जन्मभर मनाशी बाळगली. १९६४ च्या जागतिक दौऱ्यात कनिंगहॅम यांची नृत्यसंस्था भारतात आली. मुंबई, अहमदाबाद, चंदीगड आणि नवी दिल्ली येथे तिचे कार्यक्रम झाले. संस्थेचे वादक म्हणून ट्यूडरही तिच्यासोबत होते.

अहमदाबादला एनआयडी ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली होती आणि गौतम व गीरा साराभाई तिचे शिल्पकार होते. तिथे इलेक्ट्रॉनिक ध्वनीचा स्टुडिओ असावा असे ठरले, तेव्हा १९६९ मध्ये ट्यूडर अहमदाबादला गेले. अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांनी विकसित केलेला सिंथेसायझर आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे त्यांनी तिथे मांडून दिली, स्थानिक मंडळींना शिकवले आणि स्वतःही काही ध्वनिफिती तयार केल्या. मूग सिंथेसायझर त्या काळी अमेरिकेतही मोजक्याच ठिकाणी होता. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आदींनी या स्टुडिओत काम केले. कोणी रागसंगीताचा संस्कार घेऊन आले होते, तर कोणाला अंतराळप्रवासाच्या कल्पनेचे वेड होते.

स्टुडिओ जेमतेम तीनचार वर्षे चालला आणि मग विस्मरणात गेला. भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा आरंभ नंतरच्या चित्रपटसंगीतात शोधला जाऊ लागला. ब्रिटिश संगीतकार पॉल परगास यांना २०१७ मध्ये संस्थेच्या संग्रहात या काळातील ध्वनिफिती आढळल्या. १९६९ ते १९७२ या काळातील निवडक ध्वनिमुद्रणे २०२३ मध्ये प्रकाशित झाली. ट्यूडर यांच्या चरित्रात हा प्रसंग एरवी एकदोन ओळींत आटोपला जात असे. आता तो भारतीय संगीताच्या इतिहासाचाही भाग झाला आहे.

ओसाका

लगेच पुढच्या वर्षी जपानमधील ओसाका येथे भरलेल्या ‘एक्स्पो ७०’ या जागतिक प्रदर्शनात क्लुव्हर यांच्या संघटनेने पेप्सी कंपनीसाठी एक दालन उभारले. आत सुमारे २७ मीटर व्यासाचा आरशांचा घुमट होता आणि बाहेर फुजिको नाकाया या शिल्पकर्तीने निर्माण केलेले धुके इमारतीला वेढून असे. घुमटामागे ३७ लाउडस्पीकरांची जाळी होती. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवता यावा, अशी तिची रचना होती आणि ट्यूडर तिच्या प्रमुख कल्पकांपैकी होते. कलावंतांनी तिथे दररोज प्रत्यक्ष प्रयोग करावेत, असा बेत होता. परंतु खर्चावरून वाद झाला आणि प्रदर्शन सुरू होऊन फार दिवस लोटण्यापूर्वीच दालनाचा ताबा कलावंतांच्या हातून गेला. या घुमटात ट्यूडर यांना सुचलेल्या ‘मायक्रोफोन’ या कृतीची ध्वनिमुद्रणे मात्र पुढे कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजमध्ये झाली.

आरंभध्वनीशिवाय संगीत

सभेत मायक्रोफोन लाउडस्पीकरच्या जवळ गेला की कर्कश शिटी वाजू लागते. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो, वाढतो, पुन्हा बाहेर पडतो. याला फीडबॅक म्हणतात. ध्वनियोजनेचे काम करणारे त्यापासून दूर पळतात. ट्यूडर यांनी तोच आपल्या संगीताचा मूलाधार केला. ‘अनटायटल्ड’ (१९७२) या कृतीत बाहेरून कोणताही ध्वनी आत सोडलेला नाही. ध्वनिफीत नाही, वाद्य नाही, मायक्रोफोन नाही. अनेक परिपथ एकमेकांना वर्तुळाकार जोडले आहेत. त्यांतील सूक्ष्म खरखर फिरता फिरता वाढत जाते आणि तीमधून कधी किंकाळी, कधी गुरगुर, कधी ताल निर्माण होतो. इतके घटक प्रयोगाच्या वेळी एकट्याने सांभाळणे कठीण असल्याने काही भाग आधी मुद्रित करून ठेवावा लागे. या प्रयोगाच्या वेळी केज शेजारी बसून स्वतंत्रपणे आपली एक काव्यकृती वाचत असत. हाच विचार पुढे कनिंगहॅम यांच्या ‘साउंडडान्स’ या नृत्यासाठी केलेल्या ‘टोनबर्स्ट’ (१९७५) या कृतीत संपूर्णपणे प्रत्यक्ष प्रयोगाच्या रूपात उतरला.

अशा जोडणीत वादकाची सत्ता मर्यादित असते. एक बटण किंचित फिरवले की दूरच्या कुठल्या तरी पेटीत उलथापालथ होते आणि तीच कृती पुन्हा केली तरी तोच आवाज मिळेल, असे नाही. बुलेझ यांच्या सोनाटातील एकेक सूर अचूक काढणाऱ्या वादकाने हा मार्ग जाणूनबुजून निवडला होता. त्यांची ही कृती ऐकायला सोपी नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती नुसता गोंगाट वाटेल. दहा मिनिटे धीर धरला तर तिच्यातील संवाद ऐकू येऊ लागतात.

१९७४ मध्ये स्वीडनमधील क्नावेलशेर हे निर्जन बेटच वाद्य करावे, तिथलेच आवाज टिपून बेटाच्या निरनिराळ्या भागांत शलाकांसारखे सोडावेत, अशी योजना त्यांनी आखली. नाकाया यांचे धुके आणि जॅकी मातिस यांचे पतंग तीत असणार होते. ट्यूडर यांच्या हयातीत ती साकार होऊ शकली नाही.

अखेरची वर्षे

१९८९ नंतर कॅलिफोर्नियातील तंत्रलेखक फॉरेस्ट वॉर्थमन आणि काही अभियंते यांच्या साहाय्याने ट्यूडर यांनी नवे वाद्य हाती घेतले. इंटेल कंपनीने तयार केलेली, मेंदूतील पेशींच्या जाळ्याचे अनुकरण करणारी ६४ कृत्रिम न्यूरॉनांची चिप त्याच्या केंद्रस्थानी होती. इतरांनी अशा चिपला नमुने ओळखण्याचे काम दिले असते. ट्यूडर यांनी तिला फीडबॅकच्या वर्तुळात बसवले. या वाद्यावरील ‘न्यूरल सिंथेसिस’ ही मालिका १९९२ ते १९९४ या काळातील आहे.

१२ ऑगस्ट १९९२ रोजी केज यांचे निधन झाले आणि कनिंगहॅम यांच्या संस्थेचे संगीत दिग्दर्शकपद ट्यूडर यांच्याकडे आले. १९९४ मध्ये ब्रुसेल्स येथे सादर झालेल्या ‘ओशन’ या भव्य नृत्यकृतीत वर्तुळाकार रंगमंच आणि प्रेक्षक यांच्याभोवती ११२ वादकांचा ताफा बसला होता. त्याच्या जोडीला पाण्याखालील आवाजांवर आधारलेले ट्यूडर यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत होते. यानंतर पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांची प्रकृती ढासळली आणि दृष्टीही गेली. १३ ऑगस्ट १९९६ रोजी टॉमकिन्स कोव्ह येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कृतींचे जतन

ट्यूडर यांच्या पश्चात त्यांच्या कृतींचे काय करायचे, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. त्यांनी स्वरलिपी लिहिली नाही. मागे राहिल्या त्या पेट्यांच्या जोडण्यांच्या आकृत्या, आणि त्यांतही कोणते बटण कुठे ठेवायचे हे बहुधा दिलेले नसते. त्यांची कागदपत्रे लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत आहेत, तर शेकडो उपकरणे कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात आहेत. म्हणजे आराखडे देशाच्या एका किनाऱ्यावर आणि वाद्ये दुसऱ्या किनाऱ्यावर. त्यांतील अनेक पेट्यांवर नाव वा खूण नसल्याने कोणती पेटी कोणत्या कृतीतली, हे ठरवण्यासाठी संशोधकांना पावत्या, छायाचित्रे आणि परिपथ एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. यू नाकाई यांचा २०२१ मध्ये प्रकाशित झालेला ग्रंथ या प्रकारच्या शोधातून सिद्ध झाला असून ट्यूडर यांच्यावरील तो सर्वांत सखोल अभ्यास आहे.

‘रेनफॉरेस्ट’ मात्र टिकली आहे. तिच्यात ठरावीक पेट्यांची गरज नव्हती आणि ती अनेकांच्या हातांनी घडली होती. ‘कंपोझर्स इनसाइड इलेक्ट्रॉनिक्स’ या गटाने तिचे वादकाविना चालणारे ‘रेनफॉरेस्ट फाइव्ह’ हे रूप तयार केले. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले आणि २०१९ मध्ये संग्रहालयाची विस्तारित वास्तू खुली झाली तेव्हा ते तिथे मांडले. टांगलेल्या पिंपांत आणि पत्र्यांत डोके घालून लोक ते ऐकत होते.